ॲपमधली सेटिंग्ज: नीट साठवावी कशी, नीट वाचावी कशी

फॉन्टचा आकार साठवायचा म्हटलं तर कोडची एक ओळ पुरते. परत वाचायला आणखी एक. म्हणूनच बहुतेक ॲपमध्ये सेटिंग्जचा कोड कोणी वेगळा बसून लिहीत नाही. गरज पडेल तिथे एक ओळ टाकली जाते आणि वर्षभराने अशा ओळी चाळीस फाइलींत पसरलेल्या सापडतात.

या दोन ओळींच्या मध्ये काय घडू शकतं ते मात्र ध्यानात येत नाही. व्हॅल्यू लिहिली गेली तेव्हा ॲपची जुनी आवृत्ती होती, वाचताना नवी आहे. फोनची भाषा बदलली आहे. कुणीतरी फाइल नोटपॅडमध्ये उघडून हाताने दुरुस्त केली आहे. लिहिताना बॅटरी संपली होती. वाचणाऱ्या कोडच्या हातात येते ती अनोळखी माणसाची चिठ्ठी, आणि ती तशीच वाचायला हवी. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

शब्दाचा एक खुलासा. सेटिंग्ज नाव आणि त्याची व्हॅल्यू अशा जोड्यांत साठतात, त्याला की-व्हॅल्यू म्हणतात. त्यातला ‘की’ मराठी वाक्यात घोटाळा करतो, म्हणून इथे मी त्याला किल्ली म्हणतो. उदाहरण म्हणून पुस्तकं वाचण्याचं एक साधं ॲप धरू: फॉन्टचा आकार, थीम, सिंक (वेगवेगळ्या यंत्रांवरचा डेटा जुळता ठेवणं), आणि मोठ्याने वाचून दाखवण्याचा वेग.

पायरी १: सेटिंग कशाला म्हणायचं ते ठरवा

किल्ली-व्हॅल्यूच्या साठ्यात तीन वेगळ्या गोष्टी येऊन बसतात. पहिली, वापरणाऱ्याने मुद्दाम निवडलेली: थीम, फॉन्ट. दुसरी, ॲपने स्वतःसाठी लक्षात ठेवलेली: शेवटचं पान, खिडकीचा आकार. तिसरी, प्रोग्रॅमरने किंवा सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलेली: सर्व्हरचा पत्ता, लॉगची (ॲप स्वतःच्या कामाच्या नोंदी लिहितं त्याची) पातळी. तिन्हींचा मालक वेगळा आणि आयुष्यही वेगळं. ‘सेटिंग्ज मूळ स्थितीला आणा’ हे बटण दाबल्यावर थीम पुसली जायला हवी, पण वाचत असलेलं पान पुसलं तर लोक शिव्या देतील. निदान पहिल्या दोन गोष्टी तरी वेगळ्या फाइलींत ठेवा.

पुस्तकांची यादी, डाउनलोडचा इतिहास, मोठे मजकूर यांचं हे घर नाही. अँड्रॉइडचं शेअर्ड प्रेफरन्सेस अख्खी फाइल मेमरीत उचलतं आणि एक व्हॅल्यू बदलली तरी अख्खी फाइल पुन्हा लिहितं. ब्राउझरच्या लोकल स्टोरेजला साधारण ५ एमबीची मर्यादा असते. यादी वाढत जाणार असेल तर डेटाबेस वापरा.

पायरी २: कोड लिहिण्याआधी किल्ल्यांची यादी करा

प्रत्येक किल्लीसाठी चार गोष्टी लिहा: नाव, प्रकार, डिफॉल्ट (काहीच निवडलं नसेल तेव्हाची व्हॅल्यू) आणि चालणाऱ्या व्हॅल्यू. कोडमध्ये ही यादी एकाच फाइलमध्ये असावी. किल्लीचं नाव अवतरणचिन्हांत दुसरीकडे कुठेही टाइप झालेलं दिसता कामा नये. एका ठिकाणी एक अक्षर चुकलं तर कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) काही बोलत नाही. लिहिणारा एका किल्लीत लिहितो, वाचणारा दुसरीत शोधतो आणि डिफॉल्ट घेऊन निवांत परत येतो.

फाइल अशी दिसेल:

```
[दिसणं]
थीम = रात्र
फॉन्ट_आकार = १८

[सिंक]
सिंक_चालू = हो
सिंक_अंतर_मिनिटे = ३०
```

नमुना वाचायला सोपा जावा म्हणून इथे सगळं देवनागरीत आहे. प्रत्यक्षात किल्ल्या साध्या रोमन लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत ठेवा. यातल्या अंकांमुळे काय रामायण घडतं ते पुढे सांगतो.

नावांबाबत माझे दोन हट्ट आहेत. एकक नावातच असावं. नुसतं ‘सिंक_अंतर’ लिहिलं तर एकजण त्यात सेकंद टाकेल आणि दुसरा मिनिटं वाचेल. आणि हो-नाही प्रकारच्या किल्लीचं नाव होकारार्थी असावं. ‘सिंक_बंद = नाही’ याचा अर्थ लावताना रात्री दोन वाजता डोकं चालत नाही.

पायरी ३: साठा निवडा

इथे फार विचार करू नका. प्लॅटफॉर्म जे देतो ते घ्या. आयफोनवर युजर डिफॉल्ट्स, अँड्रॉइडवर नव्या कामासाठी डेटास्टोअर (त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०२१ची) आणि जुन्या कोडमध्ये शेअर्ड प्रेफरन्सेस, ब्राउझरमध्ये लोकल स्टोरेज. डेस्कटॉपवर फाइल ठेवायची तर तिची जागा ठरलेली असते: विंडोजवर ॲपडेटा फोल्डर, लिनक्सवर होम फोल्डरमधलं ‘डॉट कॉन्फिग’. ॲप जिथे इन्स्टॉल झालं त्या फोल्डरमध्ये सेटिंग्ज लिहायची खोड सोडा; तिथे लिहिण्याची परवानगी बऱ्याचदा नसतेच.

फाइलचा साचा निवडताना एकच प्रश्न विचारा: ही फाइल माणूस हाताने बदलणार आहे का? नसेल तर जेसन (डेटा लिहायचा एक प्रचलित साचा) उत्तम. असेल तर जेसन त्रासदायक ठरतो, कारण त्यात कॉमेंट (माणसासाठीची टीप) लिहिता येत नाही. आयएनआय (वरच्या नमुन्यासारखी) साधी आहे, पण तिचं एकमेव अधिकृत प्रमाण नाही. प्रत्येक लायब्ररी आपापल्या मताने वाचते. टॉमल या दुसऱ्या साच्याला प्रकार कळतात आणि कॉमेंट चालतात, २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. पायथनमध्ये ३.११ पासून टॉमल वाचणारं मॉड्यूल सोबतच येतं, मात्र ते फक्त वाचतं. लिहायला वेगळी लायब्ररी लागते. यामल या आणखी एका साच्याबद्दल मी साशंक आहे. त्याच्या १.१ आवृत्तीच्या नियमांनुसार अवतरणाशिवाय लिहिलेला ‘एनओ’ हा नॉर्वेचा देशसंकेत ‘नाही’ या बुलियनमध्ये (हो-नाही प्रकारच्या व्हॅल्यूमध्ये) बदलतो. बऱ्याच लायब्ररी अजूनही तेच नियम पाळतात.

पायरी ४: वाचन

सगळा वेळ द्यायची जागा ही. व्हॅल्यू वाचताना चार प्रश्न क्रमाने विचारावे लागतात: किल्ली आहे का? असेल तर व्हॅल्यू हव्या त्या प्रकारात बदलते का? बदलली तर ती चालणाऱ्या टप्प्यात आहे का? आणि नसेल तर काय करायचं?

```
काम फॉन्ट_आकार_वाच():
    कच्ची = साठा.घे("फॉन्ट_आकार")
    जर कच्ची सापडली नाही:
        परत दे १६
    आकडा = आकड्यात_बदल(कच्ची)
    जर बदल जमला नाही:
        लॉगमध्ये नोंद कर
        परत दे १६
    जर आकडा १० पेक्षा कमी: परत दे १०
    जर आकडा ४० पेक्षा जास्त: परत दे ४०
    परत दे आकडा
```

‘किल्ली नाही’ आणि ‘किल्लीत शून्य आहे’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. आयफोनच्या युजर डिफॉल्ट्सकडे पूर्णांक मागितला आणि किल्लीच नसली तर उत्तर येतं शून्य. बुलियन मागितलं तर ‘नाही’. फॉन्टचा आकार शून्य आला तर अक्षरं गायब होतील, म्हणजे चूक लगेच दिसेल. पण सूचना चालू की बंद हे वाचताना हा फरक वर्षभर कुणाला कळणार नाही. यावर उपाय दोन. ॲप सुरू होताना डिफॉल्टची नोंदणी करा. ही नोंदणी डिस्कवर लिहिली जात नाही, म्हणून ती प्रत्येक वेळी ॲप उघडताना करावी लागते. नाहीतर आधी ऑब्जेक्ट म्हणून मागा आणि ते रिकामं आहे का ते पाहा. लोकल स्टोरेज किल्ली नसेल तर ‘नल’ देतं, हे बरं.

प्रकारांचा सापळा याहून मोठा. लोकल स्टोरेज, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ऑपरेटिंग सिस्टीमकडून प्रोग्रॅमला मिळणारी नाव-व्हॅल्यूची जोडी), आयएनआय या सगळ्यांत शेवटी साठते ती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. ‘फॉल्स’ ही पाच अक्षरांची स्ट्रिंग जावास्क्रिप्टमध्ये तपासली तर ती खरी ठरते, कारण ती रिकामी नाही. पायथनमध्ये तीच स्ट्रिंग बूलमध्ये टाकली तरी उत्तर ‘ट्रू’. पायथनच्या कॉन्फिगपार्सर या आयएनआय वाचणाऱ्या मॉड्यूलमध्ये यासाठी वेगळं गेटबुलियन आहे. ते येस-नो, ऑन-ऑफ, ट्रू-फॉल्स, एक-शून्य एवढंच ओळखतं आणि बाकी काही दिसलं तर एरर देतं. तुमच्या भाषेत असं फंक्शन नसेल तर स्वतः लिहा, पण न ओळखलेल्या स्ट्रिंगला गुपचूप ‘नाही’ समजू नका. कुणी चुकून ‘ट्रु’ लिहिलं तर त्याला कळायला हवं.

शेअर्ड प्रेफरन्सेसचा स्वभाव उलटा आहे. ते प्रकार लक्षात ठेवतं आणि चुकीच्या प्रकाराने मागितलं तर ॲप क्रॅश करतं. मागच्या आवृत्तीत आकार पूर्णांक म्हणून लिहिला आणि या आवृत्तीत स्ट्रिंग म्हणून मागितला, की क्लास-कास्टचं (प्रकार न जुळल्याचं) एक्सेप्शन, म्हणजे कोड थांबवणारी चूक. नव्या इन्स्टॉलवर काही होत नाही, जुन्या वापरकर्त्यांकडेच होतं. त्यामुळे टेस्टिंगमध्ये सापडत नाही.

आता ते अंकांचं रामायण. वाचनाचा वेग, समजा सव्वापट, मी फॉरमॅट करून स्ट्रिंग म्हणून साठवत होतो. जावामध्ये फॉरमॅट करताना लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) दिला नाही तर फोनची भाषा धरली जाते. फोन मराठीत असेल तर साठतं ‘१.२५’, देवनागरी अंकांत. परत वाचताना जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी अंक समजून घेतं, पण दशांश वाचणारं घेत नाही. ते एक्सेप्शन फेकतं. फॉन्टचा आकार पूर्णांक होता म्हणून नीट चालला आणि वेगाच्या सेटिंगने ॲप पाडलं. त्यातही वेग वाचला जात होता ॲप उघडतानाच. म्हणजे ॲप उघडलं की बंद, आणि सेटिंगमध्ये जाऊन वेग बदलायचा मार्गही बंद. माझा फोन इंग्रजीत होता. मराठी माणसाने मराठी फोनवर ॲप तपासलं नाही, याची लाज अजून वाटते.

यातून दोन नियम. डिस्कवर जाणारा आकडा नेहमी तटस्थ लोकॅलने लिहावा, जावात त्याला रूट लोकॅल म्हणतात; दाखवायचा आकडा तेवढा वापरणाऱ्याच्या भाषेत. जर्मन फोनवर हीच चूक दशांश स्वल्पविरामाच्या रूपाने येते. तुर्की फोनवर किल्लीचं नाव लहान अक्षरांत बदलताना येते, कारण तिथे मोठ्या ‘आय’चं लहान रूप बिनटिंबाचं असतं. दुसरा नियम: सेटिंग वाचताना झालेल्या चुकीमुळे ॲप कधीही पडता कामा नये. नोंद करा, डिफॉल्ट घ्या, पुढे चला. सर्व्हरची गोष्ट वेगळी. तिथे डेटाबेसचा पत्ताच चुकीचा असेल तर सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत थांबणं चांगलं.

टप्प्याबाहेरच्या व्हॅल्यूचं काय करायचं हे किल्लीवर अवलंबून. आकार ५०० आला तर ४० वर आणणं शहाणपणाचं. थीमचं नाव ओळखीचं नसेल तर ‘जवळची थीम’ अशी काही गोष्ट नसते, डिफॉल्ट घ्या.

फाइल असेल तर एन्कोडिंगही (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) सांगून उघडा. पायथनच्या ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्यांत ते दिलं नाही तर विंडोजवर तिथलं स्थानिक एन्कोडिंग धरलं जातं आणि युटीएफ-८ मधल्या मराठी व्हॅल्यूंचा चिवडा होतो. जावाच्या प्रॉपर्टीज फाइली स्ट्रीममधून वाचल्या तर आयएसओ ८८५९-१ धरलं जातं. एन्कोडिंग सांगितलेला रीडर देऊन वाचा. नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्या युटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची न दिसणारी खूण लावत. मग पहिल्याच ओळीतला कंस पार्सरला दिसत नाही आणि तुम्हाला डोळ्यांनी चूक दिसत नाही. पायथनमध्ये ‘युटीएफ-८-सिग’ दिलं की ही खूण गिळली जाते.

पायरी ५: थर लावा

एकच सेटिंग अनेक ठिकाणांहून येत असेल तर क्रम ठरवून टाका. प्रचलित क्रम असा: कोडमधलं डिफॉल्ट सगळ्यांत खाली, त्यावर सिस्टीमची फाइल, त्यावर वापरणाऱ्याची फाइल, त्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि सगळ्यांत वर कमांड लाइन, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना टाइप केलेले पर्याय. वरचा थर खालच्याला झाकतो.

थर आले की ‘मी फाइल बदलली तरी काही होत नाही’ ही तक्रार येतेच. त्यासाठी प्रत्येक व्हॅल्यूसोबत ती कुठून आली तेही लक्षात ठेवा आणि छापायची सोय द्या. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या कॉन्फिग कमांडला शो-ओरिजिन हा पर्याय दिला की प्रत्येक ओळीपुढे फाइलचं नाव येतं. तसंच काहीतरी करा, तासन्‌तास शोधण्याचा वेळ वाचतो. रिकामं व्हेरिएबल म्हणजे ‘दिलंच नाही’ की ‘मुद्दाम रिकामं दिलं’ हेही आधीच ठरवा.

पायरी ६: लिहिणं

पहिला नियम: डिफॉल्ट लिहू नका. बरीच ॲप पहिल्यांदा उघडताच सगळी डिफॉल्ट फाइलमध्ये ओततात. पुढे तुम्ही सिंकचं अंतर ३० वरून ६० मिनिटं केलंत तरी जुन्या लोकांकडे ३० तसंच राहतं, आणि ते त्यांनी निवडलं होतं की तुम्हीच टाकलं होतं हे कळायला मार्ग उरत नाही. वापरणाऱ्याने जे बदललं तेवढंच साठवा. ‘मूळ स्थितीला आणा’ म्हणजे किल्ली काढून टाकणं.

दुसरं, फाइल लिहिण्यासाठी थेट उघडली की ती आधी रिकामी होते. त्या क्षणी वीज गेली किंवा प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मेली तर शून्य बाइटची फाइल उरते. म्हणून असं लिहा:

```
१. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल बनव
२. सगळा मजकूर तिच्यात लिही
३. फाइल डिस्कवर पोचव (एफसिंक)
४. फाइल बंद कर
५. तिचं नाव बदलून मूळ फाइलच्या जागी ठेव
```

‘त्याच फोल्डरमध्ये’ हे शब्द महत्त्वाचे, कारण तात्पुरती फाइल दुसऱ्या डिस्कवर असेल तर नाव बदलणं एका झटक्यात होत नाही. पायथनमध्ये शेवटच्या पायरीला ओएस मॉड्यूलमधलं ‘रिप्लेस’ वापरा. ‘रीनेम’ विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर अडतं. एक खाच: मूळ जागी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) असेल तर नाव बदलल्यावर लिंकच पुसली जाते. आपल्या कॉन्फिग फाइली दुसरीकडे ठेवून लिंक करणारे लोक यावर फार चिडतात, म्हणून आधी लिंकचा खरा पत्ता शोधून तिथे लिहा.

माणसाने लिहिलेली फाइल असेल तर तिच्यातल्या कॉमेंट सांभाळा. कॉन्फिगपार्सरने वाचून परत लिहिली की कॉमेंट गेल्या, वर किल्ल्यांची नावंही लहान अक्षरांत बदललेली. माझं मत असं की माणसाची फाइल ॲपने लिहूच नये. ॲपने केलेले बदल वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत आणि वरच्या थरात वाचावेत.

अँड्रॉइडवर ‘अप्लाय’ आणि ‘कमिट’ यांतला फरक नेहमी विचारला जातो. कमिट डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबतं आणि जमलं की नाही ते सांगतं. अप्लाय मेमरीत लगेच बदलतं, डिस्कवर मागाहून लिहितं, आणि लिहिणं फसलं तर काही कळवत नाही. स्क्रीनवरच्या थीमसाठी अप्लाय पुरे. अनेक किल्ल्या एकत्र बदलायच्या असतील तर एकाच एडिटरमध्ये बदलून शेवटी एकदाच साठवा. स्लायडर सरकताना प्रत्येक पिक्सेलला लिहू नका, बोट उचलल्यावर लिहा.

दोन खिडक्या किंवा दोन प्रोसेस एकच फाइल लिहीत असतील तर ज्याने शेवटी लिहिलं त्याचं राहतं, दुसऱ्याचा बदल पुसला जातो. लिहिण्याआधी लॉक घ्या (तोवर दुसऱ्या कुणाला लिहू देऊ नका), फाइल पुन्हा वाचा, फक्त आपली किल्ली बदला. शेअर्ड प्रेफरन्सेस अनेक प्रोसेससाठी बनलेलंच नाही.

पायरी ७: बदल कळवणं

थीम बदलली की उघड्या स्क्रीनला कळायला हवं. यात नेहमी सापडणारे दोन खड्डे सांगतो. शेअर्ड प्रेफरन्सेस तुमच्या लिसनरला (बदल झाला की चालणाऱ्या कोडला) घट्ट धरून ठेवत नाही. तो तुम्ही एखाद्या फील्डमध्ये ठेवला नाही तर गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा) उचलून नेतो, आणि काही वेळ चाललेला कोड अचानक मुका होतो. ब्राउझरचा स्टोरेज इव्हेंट दुसऱ्या टॅबना मिळतो, ज्या टॅबने लिहिलं त्याला मिळत नाही.

पायरी ८: जुन्या फाइली

साठ्यात एक किल्ली आवृत्तीची ठेवा, पहिल्या दिवसापासून. साचा बदलला की आकडा एकने वाढवा आणि एका आकड्यावरून पुढच्यावर नेणारं छोटं फंक्शन लिहा. १ वरून थेट ४ वर नेणारं फंक्शन लिहायचा मोह टाळा. १ ते २, २ ते ३, ३ ते ४ अशी शिडी चढवा. म्हणजे दोन वर्षं फोन कपाटात ठेवलेला माणूसही सुखरूप वर येतो.

किल्लीचं नाव बदललं तर जुनी किल्ली त्याच आवृत्तीत पुसू नका, एखादी आवृत्ती मागे जावं लागलं तर ती लागेल. मेलेल्या किल्लीचं नाव नव्या अर्थाने पुन्हा वापरू नका, कुणाच्या तरी फोनमध्ये जुनी व्हॅल्यू अजून जिवंत असते. आणि फाइलमध्ये ओळखीची नसलेली किल्ली दिसली तर तिला हात न लावता परत तशीच लिहा. ती कदाचित तुमच्याच पुढच्या आवृत्तीची असेल.

पायरी ९: गुपितं बाहेर

पासवर्ड, टोकन (लॉगिन टिकवणारी गुप्त खूण) या साठ्यात नको. शेअर्ड प्रेफरन्सेस म्हणजे साधी एक्सएमएल फाइल, युजर डिफॉल्ट्स म्हणजे पीलिस्ट ही ॲपलची तशीच उघडी फाइल. आयफोनवर गुपितांसाठी कीचेन आहे, अँड्रॉइडवर कीस्टोअरच्या आधाराने एन्क्रिप्ट करता येतं. अँड्रॉइड ६ पासून ॲपचा डेटा डिफॉल्टने क्लाउडवर बॅकअप होतो, सेटिंग्जसकट. म्हणजे एका फोनचा ओळखक्रमांक तुम्ही सेटिंगमध्ये ठेवला असेल तर तो नव्या फोनवर पोचतो आणि सर्व्हरला दोन फोन एकच वाटतात. अशा किल्ल्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती बॅकअपमधून वगळा.

पायरी १०: मोडून पाहा

चालतंय का हे पाहण्यापेक्षा कसं मोडतं ते पाहा. फाइल पुसून ॲप उघडा. शून्य बाइटची फाइल ठेवून उघडा. फाइल मधेच तोडून उघडा. आकड्याच्या जागी शब्द टाका. फाइलची लिहिण्याची परवानगी काढा. मागच्या प्रत्येक आवृत्तीने बनवलेली एकेक खरी फाइल रिपॉझिटरीत जपून ठेवा आणि प्रत्येक बिल्डला ती वाचून पाहा. शेवटी फोनची भाषा मराठी करा, वेग सव्वापट ठेवा, ॲप पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा.